आपा, त्या खोलीची किल्ली अजून त्यांच्याकडेच आहे

नसरीन आपा, अन्याय तुमच्यावर झाला. तो कधी झाला ते पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की पोरीनं रडगाणं गायलं आणि मुद्दा राहून गेला. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, अमरावतीच्या एका कॉलेजात पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीच्या दारात तुम्ही उभ्या होतात. दाराला कुलूप होतं. आत तुमचं यंत्र होतं. तुम्ही किल्ली मागितली. तुम्हाला किल्ली दिली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अकोल्यात पोळा फुटला, बैल तोरणाखालून सुटले, आणि तुम्ही गेलात.

या दोन्हींच्या मधे जे झालं त्याला कागदावर अपघात म्हटलं आहे. मी तो शब्द वापरणार नाही. अपघातात कोणी किल्ली टेबलावर ठेवून बसलेलं नसतं.

तुमचा चाळिसावा दिवस अजून व्हायचा आहे. कॉलेजची शोकसभा मात्र उरकली. मी गेले होते. मागच्या रांगेत बसले, कारण पुढे बसले असते तर उठून काहीतरी बोलले असते आणि तुमच्या अम्मी तिथे होत्या. फोटोला हार, उदबत्ती, दोन मिनिटं शांतता. फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं, ‘आमच्या महाविद्यालयाच्या ज्येष्ठ प्राध्यापिका’. आपा, तुम्ही कधी झालात हो प्राध्यापिका? केस पांढरे होईस्तोवर तासिका तत्त्वावर शिकवलं तुम्ही. तास घेतला तर तुम्ही आहात, उन्हाळा लागला की तुम्ही कोणी नाही, पावसाळ्यात पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. जिवंतपणी तुम्हाला स्टाफरूममध्ये खुर्ची नव्हती. मेल्यावर पद मिळालं. तुम्हाला किती हसू आलं असतं! “पाह्य वं पर्चेवाली,” म्हणाल्या असतात, “आखरीले परमनंट झाली मी.”

मला हसू आलं नाही. त्या सभागृहाच्या वरच्याच मजल्यावर ती खोली होती, कुलूप तसंच होतं, आणि शांततेची दोन मिनिटं मी फक्त त्या कुलपाचा विचार केला.

पर्चेवाली हे नाव तुम्हीच दिलंत. आपली ओळख त्याच कॉलेजच्या फाटकावर झाली. मी आमच्या मंडळाचा पर्चा वाटत होते. ‘गोदामातल्या विषाच्या गोळ्या बंद करा!’ धान्याच्या पोत्यांच्या थप्पीवर ताडपत्री घालतात, खाली गोळ्या ठेवतात, गोळ्यांतून वायू सुटतो, धान्यातले सोंडे किडे मरतात. मग ताडपत्री काढायची आणि आधी बायकांना आत पाठवायचं, मेलेले सोंडे आणि गोळ्यांची राख झाडायला. त्या बायका चक्कर येऊन पडतात, ओकतात, आणि संध्याकाळी घरी जाऊन स्वयंपाक करतात. आमच्या पर्च्यात हे सगळं होतं, आणि सगळंच ठळक अक्षरात होतं. येणारी-जाणारी पोरं पर्चा घेऊन पुढच्या वळणावर टाकत होती. तुम्ही एकट्या उभ्या राहून शेवटपर्यंत वाचत होतात.

“हे तूच लिहिलं काय वं?”

“हाव.”

“सगळंच मोठ्या अक्षरात काहून?”

“मोठं असलं की लोक वाचतात.”

“वाचत नाहीत. दचकतात, न् पुढं जातात.” मग पर्चा नीट घडी करून पर्समध्ये ठेवलात. “गोदाम पाह्यलं का कधी आतून?”

मला राग आला होता. मी अंजनगाव सुर्जीची, केळीवाल्याची पोरगी, मला कोणी शहाणपण शिकवलं की आधी रागच येतो. मी म्हटलं, पाह्यलं. तुम्ही म्हणालात, मंग चाल माह्यासोबत अकोल्याले, मी बी पाह्यते.

अकोल्यातल्या त्या गोदामाच्या भिंतीवर लाल रंगात लिहिलं होतं: ‘वास येत असल्यास आत जाऊ नये.’ मला ती पाटी बरी वाटली होती, निदान काहीतरी लिहिलंय म्हणून. तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि पुन्हा वाचलंत. मग झाडणाऱ्या बायकांच्या म्होरक्या कांताबाई, ओट्यावर तंबाखू मळत बसल्या होत्या, त्यांना विचारलंत, “आत जायाचं का नाही, हे कोन ठरवते?”

कांताबाईंनी स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं. “हे ठरवते. लसणावानी वास येते. दाराशी उभं राह्यलं की समजते. वास गेला म्हंजे गॅस गेला. माहं नाक झूट नाही बोलत, बाई.”

“नाक झूट नाही बोलत,” तुम्ही म्हणालात. “पण वास बोलते.”

मग त्या ओट्यावर बसून तुम्ही जे समजावलंत ते मी नंतरच्या प्रत्येक पर्च्यात घातलं. खऱ्या विषाला वासच नसतो. वास असतो तो त्याच्यासोबत आलेल्या भेसळीचा. पोती तो वास पिऊन घेतात आणि वायू मागे राहतो. म्हणजे वास गेला, की माणूस निर्धास्त होऊन आत शिरतो, आणि मरण तिथेच बसलेलं असतं, बिनवासाचं. साऱ्या वऱ्हाडातली गोदामं या एका समजुतीवर उघडतात. वास गेला म्हंजे गॅस गेला. मालक तेच म्हणतो, मुनीम तेच म्हणतो, ज्यांचा जीव जातो त्याही तेच म्हणतात.

कांताबाई म्हणाल्या, “मंग समजावं कसं?”

तुम्ही म्हणालात, “त्याची हजेरी घ्यायची.”

आपा, तुम्ही गेल्यापासून मी लोकांना ते यंत्र समजावून सांगायचा प्रयत्न करते आणि दरवेळी अर्ध्यात अडकते. एकदा तुमच्या शब्दांत लिहून पाहते. चुकलं तर तुम्ही नाही आहात सुधारायला, हेच तर आहे सगळं.

साधा दिवा म्हणजे वर्गात जाऊन ‘कोण कोण आलंय रे’ असं ओरडणं. सगळे एकदम बोलतात, कोणाचं काही कळत नाही. लेझर म्हणजे एकच नाव पुकारणं. पण नेहमीचा लेझर जन्मभर तेच एक नाव पुकारत राहतो. त्या नावाचा पोरगा वर्गात नसला तर तो कितीही पुकारो. तुमचं यंत्र नाव बदलू शकत होतं. एका लेझरचा प्रकाश स्फटिकात सोडायचा. स्फटिक त्याचे दोन वाटे करतो, दोन वेगळे रंग, डोळ्यांना न दिसणारे. त्यातला एक रंग दोन आरशांच्या मधे झुलवत ठेवायचा. झोक्याला वेळेवर ढकलत राहिलं की झोका चढतो, तसा तो प्रकाश चढतो. आणि स्फटिक थोडा तापवला, थोडा निववला, की वाटणी बदलते, रंग सरकतो. सरकवत सरकवत त्या रंगावर यायचं, ज्याला तो वायू ओ देतो. ओ देतो म्हणजे तेवढा प्रकाश गिळतो. प्रकाश थांबत-थांबत सोडला की गिळणारा वायू फुगतो, आकसतो, आणि बारीक आवाज करतो. खराखुरा आवाज. नळीला मायक्रोफोन, मायक्रोफोनला हेडफोन.

मे महिन्याची गोष्ट. तुमच्या त्या खोलीत तुम्ही कूलर बंद केलात, पंखा बंद केलात, कारण त्यांची घरघर मायक्रोफोनमध्ये शिरते. अमरावतीचा मे! यंत्रावर तुमच्या अम्मींची जुनी दुलई पांघरलेली, तापमान हलू नये म्हणून. दुलईखाली यंत्र, बाहेर आपण दोघी घामानं निथळत. हेडफोन माझ्या कानात.

“फुंक नळीत.”

मी फुंकले. शिट्टी आली, लांबून येते तशी.

“हे तू व्हय. तुह्या श्वासातली हवा. आता गप बस.” तुम्ही बटण केसभर फिरवलंत आणि आपण थांबलो. स्फटिकाला घाई चालत नाही म्हणालात. शिट्टी विरत गेली. काहीच नाही. मग त्या काहीच-नाहीतून दुसरी शिट्टी उठली. पहिलीपेक्षा फार बारीक. तुम्ही बंद काचेच्या नळीकडे बोट केलंत, जिच्यात त्या विषाचा कण होता.

“हे ते व्हय. दोघं एकाच बेंचावर बसतात. श्वासातला वायू न् हे इख. एकाचं नाव पुकारलं त दुसरा प्रॉक्सी देते. म्हणून हा खटाटोप. केसभर इकडं, केसभर तिकडं.”

माझ्या अंगावर मेच्या उन्हात काटा आला होता. मी ते तुम्हाला सांगितलं नाही. मी काय म्हटलं? “एवढ्यानं काय होते आपा, गोळ्याच बंद करायला पाहिजेत.” असंच म्हटलं. तुम्ही दुलई सारखी केलीत आणि म्हणालात, “बंद कर ना वं. मी कुठं नाही म्हणते. पण बंद होईस्तोवर कांताबाईनं काय करावं? श्वास रोखून बसावं?”

आपलं भांडण इथून सुरू झालं आणि ते मिटलेलं नाही. मी ते मिटवायला आता बसले तरी समोरची खुर्ची रिकामी आहे.

तुमचं म्हणणं, मी सगळ्यांवर एकदम ओरडते. सरकार, व्यापारी, कॉलेज, लोक, सगळे एका पर्च्यात. “कोणाचं नाव पुकारून राहिली ते आधी ठरव. नाव नाही घेतलं त कोणी ओ देत नाही.” माझं म्हणणं, तुम्ही शास्त्रज्ञ लोक यंत्र लहान करत बसता आणि जग तसंच राहतं. तुम्ही कौतुकानं दाखवायच्या: आधी हे असलं यंत्र अख्खं टेबल खायचं, पाण्याचे पाइप, चार माणसं. मग ते जेवणाच्या मोठ्या डब्याएवढं झालं, जसं तुम्ही जोडलंत, शिकत होतात तिथल्या सरांनी दिलेल्या जुन्या सुट्या भागांतून. आता मोठ्या प्रयोगशाळांत ते नखाएवढ्या चकतीवर आलंय. श्वासावरून आजार हेरणार, खाणीतला वायू हेरणार, काचेच्या तारांतून जाणारी बोलणी एकेका रंगात वेगळी करणार. “तुह्या बापाच्या केळीचं सांगते,” तुम्ही म्हणायच्या, “केळं पिकताना वायू सोडते. गाडीच्या दाराशी हे धरलं त कोणता घड आधी पिकते ते समजीन. न् श्वास तपासाले मेळघाटात धारणीले बॅटरीवर नेता येते. जीपमधी मांडीवर घेऊन.” त्या नखाएवढ्या चकतीबद्दल बोलताना तुमचा आवाज लहान पोरीसारखा व्हायचा. आणि मी, दळभद्री, एकदा म्हणाले, “नखाएवढं होऊ द्या नाहीतर तिळाएवढं. त्याची किल्ली कोणाकडं राहीन ते सांगा.”

तुम्ही हसलात. मी जिंकले असं मला वाटलं. आपा, त्या वाक्यानं जिंकण्यापेक्षा मी मुकी असते तर बरं होतं. मी बोलले तसंच घडलं. अक्षरशः तसंच.

त्याच उन्हाळ्यात तुमच्या विभागातले जुने सर होते, निवृत्तीला आलेले. ते सही करून डबा बाहेर नेऊ द्यायचे. आपण दोघी बसमध्ये डबा मधे ठेवून अकोल्याला गेलो, मूर्तिजापूरला कंडक्टरनं विचारलं होतं, “बाई, स्वयंपाकाची ऑर्डर हाय काय?” तुम्ही म्हणालात, “हाव, गॅसवरच हाये.” त्या दिवशी ताडपत्री निघाली होती. कांताबाई दाराशी उभ्या राहिल्या, नाक वर केलं, हुंगलं. “साफ हाय.” मुनीम म्हणाला, “साफ हाय.” तुम्ही नळीचं तोंड दाराच्या फटीत सोडलंत, दुलई घातलीत, सगळ्यांना गप केलंत. हमाल, मुनीम, चहावाला, सगळे चिडीचूप. तुमचा चेहरा बदलला. तुम्ही हेडफोन कांताबाईंच्या कानाला लावलात.

कांताबाई कितीतरी वेळ ऐकत राहिल्या. मग त्यांनी हेडफोन काढला, स्वतःच्या नाकाला एक चापट मारली आणि म्हणाल्या, “इतके वर्स या मुडद्यावर भरोसा केला मी.”

दारं उघडी टाकून सगळे थांबले. शिट्टी बंद झाल्यावरच बायका आत गेल्या. कोणाला चक्कर आली नाही. त्या दिवसापासून त्यांचं ठरलं: डब्बा आल्याशिवाय कोणी आत पाय टाकायचा नाही. कोणत्याही मोर्च्याशिवाय, कोणत्याही पर्च्याशिवाय बायकांनी काम थांबवायचं ठरवलं होतं. मी बघत होते. तेव्हाही तुम्हाला म्हटलं नाही की आपा, तुम्ही जिंकलात.

मग जुने सर निवृत्त झाले. तपासणी समिती यायची होती, म्हणून सगळ्या खोल्यांना रंग, नवी पाटी, नवं कुलूप. तुमची उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे नोकरीच संपलेली, नवी नेमणूक झालेली नव्हती. यंत्र आत राहिलं. तुम्ही मागत राहिलात. तुम्हाला नाही असं कोणी कधी म्हणालं नाही. उद्या या म्हणाले.

पोळ्याच्या आधी गोदामवाल्याला माल काढायचा होता, कारण पोळ्याला हमाल गावी जातात. कांताबाईंचा फोन आला, “आज ताडपत्री निघून राहिली, बाई. डब्बा आणजा.” तुम्ही म्हणालात, “आणते. मी येईस्तोवर कोनी आत जाऊ नका.” मला बोलावलंत डबा धरायला.

अकरा वाजता कार्यालयात मोठे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, खुर्चीत होते. त्यांचा आवाज शांत होता, ते मला अजून झोपेत ऐकू येतो.

“मॅडम, साहेब मीटिंगला गेले. साहेबांशिवाय किल्ली देता येत नाही.”

“फोन लावा ना बाबू. माणसाच्या जिवाचं काम हाये.”

“तुमची ऑर्डर कुठाय या वर्षीची? सध्या तुम्ही स्टाफमधी नाही. बाहेरच्या माणसाले लॅबची किल्ली मी कशी देऊ? उद्या काही कमीजास्त झालं त माही नोकरी जाईन.”

किल्ली त्यांच्या टेबलावरच होती. लाल दोऱ्यात. मी पाहिली, तुम्हीही पाहिलीत.

खोलीच्या दारात मी तुमच्या कानाशी म्हटलं, “आपा, सरका. एक दगड पुरेल.” कुलूप नवं होतं पण कडी जुनीच होती. तुम्ही माझा दंड धरलात. अजून तिथे तुमची बोटं आहेत.

“फोडायचं नाही.”

“काहून नाही? यंत्र तुमचं. जोडलं तुम्ही.”

“फोडलं त उद्यापासून ते चोरीचं यंत्र. चोरीच्या यंत्रानं सांगितलेलं कोण ऐकीन? मालक म्हणीन, ह्या बाईले पोलीस शोधून राहिले न् तुमी तिच्या डब्ब्यावर काम थांबवता? मले तो डबा एक दिवस नाही पाहिजे, पर्चेवाली. जन्मभर पाहिजे.”

मी ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा तुमचं ऐकलं, आणि तेच ऐकायचं नव्हतं. का? तुमचं म्हणणं खरं होतं, ते मला आजही खोडून काढता येत नाही. पण दगड मारला असता तर तुम्ही आज असतात, तेही खोडता येत नाही. रोज दोन्ही बाजूंनी मीच भांडते. तुम्ही बोला ना काहीतरी. एकदा तरी सांगा, कोण बरोबर होतं.

रिकाम्या हातांनी आपण बसमध्ये बसलो. तुम्ही फक्त पर्समधला हेडफोन घेऊन. वाटभर कांताबाईंना फोन लावत होतात आणि रेंज जात होती.

गोदामाला पोचलो तर ट्रक लागलेला. मुनीम फाटकातच. “डब्बा कुठाय? नाही ना? मंग! पोरायले पोळ्याले घरी जायाचंय, मॅडम, वास गेला कवाचा. बायकांनी दुपारपासून वाट पाह्यली. किती पाह्यावं?” मी त्याच्या अंगावर धावले. कायदा, कलम, बापजादे, सगळं काढलं. माझा आवाज त्या पत्र्यांवर घुमत होता. आणि त्या आवाजात तुम्ही माझ्या शेजारून निघून गेलात, ते मला कळलं नाही. बाकीच्या बायका ओट्यावर होत्या, कांताबाई दिसत नव्हत्या. दाराच्या आत त्यांचा झाडायचा फडा आडवा पडलेला तुम्हाला दिसला होता.

तुम्हाला माहीत होतं, आपा. त्या जिल्ह्यात ते नीट ठाऊक असलेली तुम्ही एकटी होतात. वासाच्या भरवशावर आत शिरला नाहीत तुम्ही. माहीत असूनच शिरलात. पदर तोंडाला लावून, कांताबाईंना काखेत धरून, फरफटत. अर्ध्या वाटेत तुम्ही खाली बसलात, पुन्हा उठलात. दारापर्यंत आल्यावर मग सगळे धावले. मीपण.

तुम्ही ओट्यावर बसलात. खोकलात. चहा मागितलात. “मले काही नाही झालं. कांताबाईले न्या पहिले.” दवाखान्यातसुद्धा तेच, पहिले तिला पहा. डॉक्टरांनी तुम्हालाही ठेवून घेतलं. रात्रभर तुम्ही बोलत होतात, चेष्टा करत होतात. या विषाला उतारा नाही आणि ते दमानं काम करतं, हे तुम्हीच मला ओट्यावर शिकवलेलं. तुम्ही चेष्टा करत होतात आणि आपल्या दोघींनाही ते माहीत होतं. दोघींनी ते एकमेकींना सांगितलं नाही.

कांताबाई वाचल्या. मी भेटायला गेले तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. “माह्यासाठी काहून आली ते?” एवढंच. मग भिंतीशीच बोलल्या, “पोरी, मी आत गेली कारण की मुनीम म्हणे, तुमची डब्बावाली येत नाही आता, मोठे लोकं असेच असतात. मले वाटलं, खरंच नाही येत. मले माफ करजो म्हणा तिले.” आपा, सांगितलं. हे मी तुम्हाला सांगितलं. त्यांचा निरोप पोचवला.

तुमच्या अम्मींनी हेडफोन मला दिला. म्हणाल्या, “बेटा, ये उसका था, तुम रख लो.” मी तो कधीकधी कानाला लावते. वायर लोंबकळत असते, पुढे काही नाही. बाहेरचा आवाज जरा दबतो, बस.

आता दिवाळीच्या आधी नवं सोयाबीन येईल. मग तूर येईल, हरभरा येईल. थप्प्या लागतील, ताडपत्र्या पडतील, गोळ्या ठेवल्या जातील, आणि बायका दारात उभ्या राहून हुंगतील. कांताबाईंच्या टोळीनं अजून धरून ठेवलंय, डब्ब्याशिवाय नाही. किती दिवस धरतील? मालक दुसऱ्या बायका आणेल. त्यांना कोणी सांगितलेलं नाही. त्यांच्याकडे नाकच आहे.

आणि डबा त्या खोलीत आहे, ओल धरलेल्या खोलीत. आरशांवर बुरशी चढते म्हणायच्या तुम्ही. मला तो अर्धाच चालवता येतो. तुम्ही एवढंच शिकवलंत: दुलई घाल, पंखा बंद कर, केसभर फिरव, थांब. तो माझ्या हाताला ओ देईल का, मला माहीत नाही. तुमच्या विभागातल्या त्या निवृत्त सरांना मी गाठलं, ते येतो म्हणालेत, त्यांचे हात थरथरतात पण येतो म्हणालेत. कदाचित काहीच होणार नाही. दार उघडेल आणि आत एक मेलेलं यंत्र असेल. आपा, मला भीती वाटते. मोर्च्यात, पोलिसांसमोर कधी वाटली नाही तशी. पण कुलूप लावून ठेवलेलं यंत्र मेलंय की जिवंत, हे बाहेर उभं राहून ठरवायचा हक्क मी त्यांना देणार नाही.

हे सगळं मी साध्या अक्षरात लिहिलं आहे, बघा. एक ओळही ठळक नाही. सरकारला उद्देशून नाही, समाजाला उद्देशून नाही. नाव पुकारायचं म्हणालात ना. ज्याच्या हातात हा कागद आहे त्याचंच नाव मी पुकारते.

तुम्ही, हे वाचणारे. तुमच्या घरातली डाळ कोणत्यातरी गोदामातून आली आहे आणि ते गोदाम कोणीतरी झाडलं आहे. येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता मी त्या कॉलेजच्या पहिल्या मजल्यावर, त्या दारात उभी असेन. कॉलेज कोणतं ते अमरावतीत कोणालाही विचारा. दगड आणू नका, आपांना चालायचं नाही. झेंडा आणू नका. या, माझ्या बाजूला उभे राहा, आणि बाबूंनी ‘उद्या या’ म्हटलं की घरी जाऊ नका. किल्ली मागा.